मेन खाली पाडून भागत नाही

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "बाबा, लाइट गेली की मेन स्विच खाली पाडते, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करते आणि जनरेटर सरळ घरातल्या प्लगमध्ये देते. झालं काम." मी गप्प राहिलो, कारण या विषयावर माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की तू ऐकायचं थांबतेस. म्हणून लिहितोय.

वीज कंपनीच्या नोकरीतली एक रात्र तुला कधी सांगितली नव्हती. वादळात झाड पडून लघुदाबाची, म्हणजे घरांना वीज देणारी, वायर तुटली होती. ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज आम्ही स्वतः काढले होते आणि ते माझ्याच खिशात होते. लाइन मेलेली असणारच. तरी नियम म्हणून तुटलेल्या तुकड्याच्या पलीकडच्या बाजूला अर्थिंगची साखळी (लाइन जमिनीशी जोडणारी) टाकली, तर चर्रकन ठिणगी उडाली. त्या तुकड्यावर शेवटचं एकच घर होतं आणि त्या घरात तुझ्यासारखाच कुणीतरी हुशार माणूस जनरेटर लावून बसला होता. मेन पाडायचा राहिला होता. साखळी टाकायचा कंटाळा केला असता तर हे पत्र लिहायला मी नसतो.

लोक म्हणतात, एवढासा जनरेटर सगळ्या गल्लीचा लोड घेईल कसा, तो गुदमरून बंदच पडेल. बहुतेक वेळा पडतोही. पण तुटलेल्या लाइनच्या शेपटीला लोडच नसतो, मग तो आरामात चालत राहतो. आणि मधला ट्रान्सफॉर्मर जोडलेला असेल तर तो दोन्हीकडून चालतो, हे शाळेत शिकली आहेस. जो 11,000 व्होल्टचे 230 करतो, तोच तुझ्या 230 चे पुन्हा 11,000 करून वर पाठवेल.

आता उलट बाजू. जनरेटर चालू आहे, मेन चुकून वर राहिलाय आणि लाइट आली. दोन्हीकडे 230 व्होल्ट असले तरी विजेच्या लाटा जुळलेल्या नसतात. 230 हा कामाचा आकडा, लाटेचं शिखर 325 पर्यंत जातं. एकाचं शिखर 325 वर असताना दुसऱ्याची दरी उणे 325 वर असू शकते, म्हणजे मधला फरक 650 व्होल्टचा. त्या एका झटक्यात अल्टरनेटरचं (जनरेटरमधल्या वीज बनवणाऱ्या भागाचं) वाइंडिंग जळू शकतं, कधी इंजिनशी जोडणारं कपलिंगही तुटतं.

तू विचारलंस, सोलरचा इन्व्हर्टर ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडूनच चालतो, मग जनरेटरलाच का नको? कारण तो इन्व्हर्टर ग्रिडकडे सतत डोळे लावून असतो. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी (लाटांचा वेग), फेज (लाटांची वेळ) जुळल्याशिवाय वीज देत नाही आणि ग्रिड गेली की स्वतःहून गप्प बसतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1547 या मानकात त्यासाठी जास्तीत जास्त 2 सेकंद दिले आहेत. घरगुती जनरेटरला यातलं काहीच कळत नाही. मोठ्या कारखान्यांत तो ग्रिडसोबत चालवतात, पण तिथे लाटा जुळवणारं सिंक्रोनायझिंग पॅनल असतं, बिघाड झाला की जोडणी तोडणारे रिले असतात आणि वीज कंपनीची परवानगी असते. आपल्याला ग्रिडला जोडायचाच नाहीये. घर एका वेळी एकाच बाजूला जोडलं जाईल, एवढं बघायचंय. (तुझं सोलर असेल तर ते खाली सांगतोय त्या चेंजओव्हर स्विचच्या ग्रिडकडच्या बाजूला ठेवायला सांग. नाहीतर इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजून उरलेली वीज त्याच्यात ढकलेल.)

त्यासाठी चेंजओव्हर स्विच हवा. हँडल एक, जागा तीन: एकीकडे लाइन, एकीकडे जनरेटर, मध्ये बंद. एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागतच नाही. मेन पाडायचं लक्षात ठेवणं तुझ्यावर आहे, हे लोखंडावर आहे. रात्री तू झोपलेली असताना घरातलं दुसरं कुणी उठून मेन वर करू शकतं, या हँडलशी तशी चूक करताच येत नाही. स्विचचं अँपिअर मेनच्या हिशोबाने घे, जनरेटरच्या नाही, कारण रोजचा सगळा लोड त्यातूनच जाणार.

सिंगल फेजला दोन पोलचा (एकदम दोन वायरी तोडणारा) घे, थ्री फेज असेल तर चार पोलचा. न्यूट्रलसुद्धा, म्हणजे परतीची वायरही, तुटला पाहिजे. इथेच वायरमन हमखास घोळ घालतात. न्यूट्रल तोडला की लाइनकडचं न्यूट्रल-अर्थिंगचं नातंही मागे राहतं आणि बरेच छोटे जनरेटर न्यूट्रल अधांतरी, म्हणजे अर्थिंगला न जोडता, ठेवूनच येतात. मग आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) दिसायला जागेवर असतो, पण उपकरणाच्या बॉडीला करंट उतरला तरी त्या करंटला परतीची वाटच नसते, त्यामुळे आरसीसीबी ट्रिप होत नाही. जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडलेलं हवं, दोन ठिकाणी नको. हे माहितीपुस्तिका बघून आणि मीटर लावून ठरवायचं, अंदाजाने नाही.

5 केव्हीएचा (जनरेटरची क्षमता) सिंगल फेज जनरेटर म्हणजे साधारण 22 अँपिअर. 0.8 पॉवर फॅक्टर (त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरलास तर 4 किलोवॉट. पंप सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो, म्हणून तो आधी, एकटा सुरू कर. बाकीचं नंतर, एकेक. लाइट आल्यावर आधी लोड काढायचा, मग हँडल फिरवायचं, आणि जनरेटर दोन-तीन मिनिटं रिकामा फिरू देऊन बंद करायचा. जनरेटर थंड झाल्यावरच इंधन भर.

जनरेटर उघड्यावर ठेव, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय, ही सबब मला सांगू नकोस. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर आधी सगळे बाहेर या, कारण नंतर शोधा.

चेंजओव्हर बसवायला परवानाधारक माणूस बोलाव आणि वीज कंपनीला लेखी कळव. काम झालं की कव्हर लावण्याआधी आतल्या जोडणीचा फोटो पाठव. न्यूट्रल कुठे गेलाय ते मला बघायचंय. आणि ती दोन्हीकडे पिनांची वायर केलीच असशील तर फेकण्याआधी एका टोकाची पिन कापून टाक, नाहीतर दुसरं कुणीतरी उचलून नेईल.

तुझा,
बाबा