‘सगळे’ तारे एकाच बाजूला कललेत?

संपादकसाहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छापलंय की तारकागुच्छातले (म्हणजे एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांच्या झुबक्यातले) सगळे तारे एकाच बाजूला कललेले असतात, म्हणजे ज्या आसाभोवती ते गरगरतात ते सगळे आस एकाच दिशेनं असतात. ‘सगळे’ वाचून चहा तसाच राहिला बघा. 2017 मध्ये केपलर ह्या अवकाशातल्या दुर्बिणीची निरीक्षणं वापरून एनजीसी 6791 आणि एनजीसी 6819 ह्या दोन गुच्छांतले 48 लाल राक्षसी तारे (म्हातारपणी फुगलेले) तपासले (तारा आतून थरथरतो, त्याचा उजेड किंचित कमीजास्त होतो, त्यावरून त्याचा आस आपल्याकडं किती कललाय ते काढतात, लई नाजूक काम) आणि साधारण 70 टक्के ताऱ्यांचे आस जुळले. सगळ्यांचे नाही. नंतर दुसऱ्यांनी तेच गुच्छ वेगळ्या पद्धतीनं मोजले तर त्यांना ते जुळणंही दिसलं नाही. आणि कृत्तिका, हाही एक गुच्छच, ज्या आपण थंडीत गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघतो, तिथं 2010 मध्येच आस कसेही विखुरलेले निघाले होते. बातमीत ह्यातलं काहीच नाही.

आमच्या मामाचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस खदखदायला लागला की जागोजागी भोवरे उठायचे, एक इकडं फिरतोय तर दुसरा तिकडं, पण मामानं अख्खी काहील एका अंगानं ढवळली की सगळा रस त्याच बाजूला निघायचा. वायूचा ढग आकसून तारे होतात तेव्हा भांडण हेच असतं, अख्ख्या ढगाचं गरगरणं जोरात का आतली खळबळ. गरगरणं तोडीस तोड असलं तर पोटातले तारे तोच फेर घेऊन जन्मतात, नाहीतर ज्याचा त्याचा भोवरा. कॉम्प्युटरवर ढग आकसवून बघितला तर सूर्याच्या 0.7 पटीपेक्षा जड तारेच जुळले, हलके खळबळीतच भरकटले. गूळ उकळणं सोपं, मामा म्हणायचा, घोटणं अवघड. असो.

एक विनंती आहे. नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाचा (मावळतीची किरणं देवळात शिरून मूर्तीवर पडतात, त्याचा) फोटो तुम्ही पहिल्या पानावर टाकताच, तर शेजारी एक छोटी चौकट द्या की तीच मावळतीची किरणं जानेवारीच्या शेवटी परत का येतात. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय म्हणून. आणि जागा उरली तर हेही टाका की खुद्द सूर्याचा आससुद्धा सरळ नाही, पृथ्वीच्या कक्षेच्या हिशेबानं सव्वासात अंश तिरका आहे.

आपला एक जुना वाचक,
कोल्हापूर