जाहीर आभार: भरकटणाऱ्या स्टिअरिंगचे मूळ शोधणाऱ्यांचे

वॉरंटीत असलेली आमची फोर बाय फोर गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर वेग घेताच डावी-उजवीकडे भरकटू लागे. हा दोष दूर करण्यास ज्यांनी मदत केली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

‘अशा गाड्या थोड्या हलतातच’ असे उत्तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मिळाले होते, आणि पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीबाबत ते अगदीच खोटे नसल्याने ते खोडून काढणे अवघड होते. कुर्ल्याच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र गाडी चारही चाकांवर उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून, मला स्टिअरिंग किंचित इकडे-तिकडे फिरवायला सांगितले व स्वतः खाली आडवे होऊन ट्रॅक बारच्या सांध्यावर बोट टेकवले. बोल्ट भोकात सरकत होता. काळ्या मळात घासलेल्या लोखंडाची चकाकती कड बॅटरीच्या उजेडात मलाही दिसली. अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा हा दांडाच ढिला असेल, तर व्हील अलाइनमेंट कितीही अचूक केले तरी गाडी सरळ कशी धावणार? त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहाही माझ्याच हातात दिला.

तक्रार तोंडी न ठेवता जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावणाऱ्या शेजारच्या वकीलताईंचा मी ऋणी आहे. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून वेळ मारून न नेता वॉरंटीतच ट्रॅक बारचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) व बोल्ट बदलून, गाडीचे वजन चाकांवर असतानाच टॉर्क रेंचने आवळणाऱ्या त्या तरुण तंत्रज्ञाचे तर विशेष आभार.