प्रदर्शनातला मासा घाटातला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या खनिजांच्या प्रदर्शनांत फिकट चुनखडीच्या पाटीवर तपकिरी माशाचा सांगाडा हल्ली सर्रास दिसतो. चिठ्ठीवर ‘डायनासोरच्या काळातला’ असे लिहिलेले असते. विचारले तर कधी ‘इथलाच, घाटातला’ असे ठोकून देतात. दोन्ही खोटे. हा नाइटिया. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकांतला, हेरिंगच्या कुळातला, गोड्या तळ्यातला मासा. वय सुमारे ५.२ कोटी वर्षे, म्हणजे इओसीन काळ; डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. आपला घाट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात असा अखंड मासा टिकणार कसा? (विदर्भात दोन लाव्हांमधल्या गाळात माशांचे अवशेष मिळतात, पण ते वेगळे.)

नाइटिया दुर्मीळही नाही. वायोमिंगने १९८७ मध्ये त्याला राज्याचा जीवाश्म ठरवले आणि तिथल्या खासगी खाणींतून तो ढिगाने निघतो. त्यामुळे अख्खा बनावट मासा कमी, रंग मारून ‘पूर्ण’ केलेला जास्त. दहापट भिंगातून पाहा. खरे काटे दगडात रुतलेले आणि किंचित उठावदार असतात, पोटाच्या कडेला करवतीसारखे टोकदार खवले दिसतात. रंगाचा फराटा मात्र काटा सोडून शेजारच्या दगडावर पसरलेला असतो. अख्खा मासाच बनावट, म्हणजे साच्यात ओतलेल्या रेझिनचा (प्लास्टिकसारख्या द्रव्याचा) असेल तर त्यात बारीक बुडबुडे असतात, पाटीच्या कडेला थर दिसत नाहीत. शंका राहिली तर विक्रेत्याला विचारून शेपटीच्या टोकाला अॅसिटोनचा बोळा टेकवा. बोळ्यावर तपकिरी उतरले तर तो रंग. नुसते पारदर्शक, चिकट आले तर तो काटे धरून ठेवणारा लेप; तिथेच थांबा.

खरा घात घरी होतो. लिंबू किंवा व्हिनेगरने ‘चकाकी’ आणायला गेले की चुनखडी फसफसून विरघळते, काट्यांखालचा आधार जातो आणि ते सुटून येतात. पाण्यात भिजवले की थरांमधली माती फुगून पाटी पापुद्र्यांसारखी उलते. कोरडा मऊ ब्रश पुरे. ओल धरणाऱ्या भिंतीवर पाटी टांगू नका. काटा सैल असेल तर पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य १०० मिली अॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम विरघळवून बारीक कुंचल्याने थेंब सोडा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये नको: अॅसिटोन उडताना दगड गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि लेप पांढरा पडतो. फेविकॉलसारखा डिंक तर मुळीच नको. तो वाळताना आकसतो आणि काटेच ओढून काढतो.

शाळांच्या कपाटांतल्या अशा पाट्यांवरच्या चिठ्ठ्या तरी बदलाव्यात. मजकूर एवढाच: नाइटिया, इओसीन काळ, वायोमिंग.

— एक जीवाश्म संग्राहक, कोथरूड, पुणे