ती स्ट्रिप माझ्याकडे आहे

प्रिय आई-बाबा,

बाबा, कपाटात शोधू नका. गुडघ्याच्या गोळ्यांची ती हिरवी स्ट्रिप मीच निघताना पर्समध्ये टाकून आणली. चोरूनच म्हणा. एसटी चिपळूण सोडेपर्यंत वाटत होतं परत येऊन ठेवून द्यावी, तुम्ही रात्री जिना कसा चढाल म्हणून, पण डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाही, तुम्ही तेव्हा त्यांच्या खिडकीतला आंबा बघत होतात. डायक्लोफेनॅक रोज घेतलं की बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, 1.6 आलंय, जास्त आहे, म्हणून ती गोळी बंद. त्याऐवजी पॅरासिटामॉल, तेही त्यांनी लिहून दिलंय तेवढंच. आणि गरम पाण्याचा शेक, आणि तो खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम. मेडिकलवाल्या काकांनाही मी सांगून आलेय, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. रागवा, चालेल.

आणि बीपीची गोळी! 124/78 आलं म्हणून तुम्ही परस्पर बंद केलीत. अहो, ते गोळीमुळेच 124 आलं होतं ना. 15 दिवसांनी 162/94.

नवीन मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, सेल घातलेत, आकडे मोठे आहेत, चष्मा लागणार नाही. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू तर नाहीच (मला माहितीये). पाच मिनिटं टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पट्टा शर्टावरून नाही. एक मिनिट थांबून परत मोजायचं आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहायचे. मोजताना आईशी भांडायचं नाही, त्याने वाढतं.

आई, आता तू. एकादशीला शुगरची गोळी घेऊन नुसत्या वरीच्या दोन घासांवर राहिलीस, म्हणून तर देवघरासमोर घाम फुटून थरथरलीस. तुझ्या त्या गोळीने उपाशीपोटी साखर खाली जाते. उपास सोड असं नाही म्हणत गं, तुझा उपास मोडायची माझी हिंमत नाही, पण आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचार. परत तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी मोज, 70 च्या खालीच असेल तर परत साखर. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर चढायला उशीर लागतो. बाबा, ती बेशुद्ध वाटली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108 लावायचा.

लहानपणी मला कडू गोळी जाईना तेव्हा बाबा केळ्यात लपवून द्यायचे आणि आई दुसरीकडे बघत गाणं म्हणायची, मला कळायचं तरी मी खायचे. परवा मशीनचा पट्टा बांधताना बाबांचा दंड किती बारीक झालाय ते हाताला लागलं. तेव्हा काही बोलले नाही.

मी तिकडे राहत नाही आणि इथून हुकूम सोडते, हे मला कळतं. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येणार, ऑफिसात सांगून टाकलंय, नको म्हणू नका. खारातल्या मिरच्यांची बरणी मात्र बाबांच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेव आई, आणि स्टूल लपव.

तुमची,
बाळी

ता.क. बाबा, पर्समध्ये स्ट्रिपबरोबर तुमचा चष्म्याचा डबाही आलाय. तो चुकून.