छोट्यांच्या चित्रपुस्तकांसाठी आवाहन (प्लीज शेवटपर्यंत वाचा)

नमस्कार मंडळी,

काल कपाट आवरायला बसले ते रात्रीचे बारा वाजले, त्यामुळे घाईघाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आपल्या वाचनालयातली छोट्यांची चित्रपुस्तकं संपत आलीयत. चोरीला नाही गेली, वाचून वाचून संपली! धाकट्या बहिणीला समजून घेणाऱ्या ताईचं ते पुस्तक आठवतंय ना, ते दोन सख्ख्या बहिणींनी "आधी मी, आधी मी" करत ओढलं आणि मधोमध फाटलं. हसावं की रडावं कळेना.

आता हे कपाट उभं कसं राहिलं ते नवीन मेंबरांना माहीत नसेल म्हणून सांगते. सुरुवातीला एक खोकं होतं, बस्स. आपल्या आधीच्या अध्यक्षबाईंनी स्वतःच्या मुलींची सगळी पुस्तकं आणून दिली, प्रत्येकाला घरी बसून कव्हर घातलेलं. मग ते रिटायर्ड सर (नाव लिहिलंत तर बघा, अशी ताकीद आहे, पण तुम्ही ओळखलंतच) दर महिन्याला एक नवीन पुस्तक आणायचे आणि देण्याआधी स्वतः पोरांना वाचून दाखवायचे, अगदी सिंहाचा आवाज काढून. मंचावर बोलायला घाबरणाऱ्या मुलीची गोष्ट त्यांनीच आणलेली. तेव्हा कोपऱ्यात तोंड लपवून बसणारी आपली एक चिमुरडी आता शनिवारी लहानांना गोष्ट वाचून दाखवते. या दोघांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि शिवणकाम करणाऱ्या मावशींचेही, सुटलेली पानं दोऱ्याने शिवून देतात त्या.

पण शिवणार तरी किती? चित्रपुस्तक बहुतेक ३२ पानांचं असतं, छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या पडतात त्यामुळे पानं आठच्या नाहीतर सोळाच्या पटीत येतात. एवढ्यातली दोन गेली की गोष्टच गेली. त्यात अर्धी गोष्ट चित्रात असते, म्हणजे शब्द म्हणतात "मला राग नाही आला" आणि चित्रात मूठ आवळलेली. ज्याला अजून अक्षरओळख नाही ते पोर नेमकं ते पकडतं!

मागच्या वेळी आवाहन केलं तेव्हा अंगठे आणि जोडलेले हात ढीगभर आले. पुस्तकं म्हणून आली ती जुनी गाईडं, कोऱ्या डायऱ्या आणि एक टेलिफोन डिरेक्टरी. राग नाही, पण वाईट वाटलं हो. कार्यक्रमाला फोटो काढायला सगळे असतात.

काय हवंय ते स्पष्ट लिहिते. आत्मविश्वास, दयाळूपणा, बहिणी-बहिणींची नि मैत्रिणींची माया, यावरची पुस्तकं. पण शेवटच्या पानावर उपदेश करणारी नकोत, पोरं ते पान सरळ उलटतात. रुसणारी ताई असू दे, घाबरणारी नायिका असू दे, चुकून मग सॉरी म्हणणारी असू दे. शक्यतो एकाच पुस्तकाच्या दोन प्रती द्या, कारण वर सांगितलंच.

बाकी डिटेल्स: वय ३ ते ८, तीनच्या आतल्यांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची, जुनी चालतील पण पानं पूर्ण हवीत नि आत पेनाने काही लिहिलेलं नको, रविवारी सकाळी १० ते १२ वाचनालयात आणून द्या नाहीतर फोन करा कुणीतरी येऊन नेईल, पैसे द्यायचे असतील तर खजिनदारांकडेच आणि पावती घ्याच, शेवटची तारीख २० मार्च कारण २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन असतो (परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनचा वाढदिवस) आणि त्या दिवशी नवीन कपाट उघडायचंय. शनिवारी तासभर वाचून दाखवायला कुणी आलं तरी चालेल, सिंहाचा आवाज येत असेल तर आधी प्राधान्य, सरांचा घसा आता साथ देत नाही.

आणि सेलोटेप कुणी आणू नका. तो खूप आहे, आणि त्याने पानं पिवळी पडतात.

आपली,
सेक्रेटरी