चहा तोडला नाहीत, त्याबद्दल

मॅडम,

आहाराच्या सल्ल्यासाठी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती भांडायच्या तयारीनेच. गेल्या गेल्या 'हे बंद, ते बंद'ची यादी हातात पडणार, हे मी धरूनच चालले होते. आधीची दोन वर्षं तशाच याद्यांवर काढली होती. एक मोबाइलवर आलेली, एक मैत्रिणीची, एक जिममधल्या कुणाची तरी. रक्त मात्र जिथल्या तिथे. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ६. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचं आणि फोन बघतेय असं दाखवायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

तुम्ही कोरी वही पुढे सरकवलीत. "तीन दिवस लिहा, त्यातला एक सुटीचा. वेळेसकट लिहा. आणि माझ्यासाठी चांगलं चांगलं लिहू नका."

पुढच्या खेपेला तुम्ही वही वाचत होतात आणि मी तुमच्या पेनकडे बघत होते. जेवणाखाण्यावरून ते सरळ पुढे गेलं. थांबलं ते सकाळी ८.१० ला लोहाची गोळी आणि ८.१५ ला चहा, या दोन ओळींवर. त्या गोळ्यांचा मला केवढा अभिमान होता! एकही चुकवली नव्हती. चहातले टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. वनस्पतींतून मिळणारं लोह तर मुळातच कमी शोषलं जातं, त्याच्या जोडीला क जीवनसत्त्व असलं तर बराच फरक पडतो, हे सगळं तुम्ही वहीच्या मागच्या पानावर बाण काढून समजावलंत. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळेला गेली. शेवटी म्हणालात, "चहा सोडू नका. तासभर हलवा." ते ऐकून मला रडू का आलं, कोण जाणे.

नंतर तुम्ही पाळीबद्दल विचारलंत, जे इतक्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं. "येतंय त्यापेक्षा जातंय जास्त असेल, तर माझा आहार पुरणार नाही," म्हणत डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिलीत. कारण तिथेच सापडलं. स्वतःची हद्द ओळखून माणसाला पुढे पाठवणं, मला वाटतं, शिकल्यावाचून येत नाही. पोषणसल्लागाराची पाटी बऱ्याच देशांत कुणीही लावू शकतं. आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणीमागे मात्र पदवी असते, जाणत्यांच्या हाताखाली केलेलं काम असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी डिग्री बघून नाही, घराजवळ म्हणून आले होते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३ झालं आणि मी गोळ्या थांबवायला निघाले. तुम्ही फेरिटिनच्या आकड्यावर बोट ठेवलंत: १४. "रोजचा खर्च भागतोय, कोठार अजून रिकामंच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका." डॉक्टरही तेच म्हणाले. परवाच्या तपासणीत ते ४१ आलंय.

वही अजून जपून ठेवलीय. एक सांगायचं राहिलंय. पहिल्या दिवशी दुपारी ४ वाजता लिहिलेली ती वाडगाभर फळं मी खाल्ली नव्हती. तुम्ही त्या ओळीशी जरा थबकला होतात, तेव्हाच ओळखलं असणार.

तुमची,
सव्वानऊला चहा घेणारी