गोलोरित्झेच्या पायवाटेवरच्या माणसांना

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या बाउनेई गावाजवळच्या काला गोलोरित्झे या समुद्रकिनाऱ्यावर आम्ही दोघी बहिणी चालत गेलो होतो. गोल्गोच्या पठारावरून साधारण साडेतीन किलोमीटरची उतरण. खाली ना टपरी ना छत्र्या, फक्त पांढरे गोटे, निळंशार पाणी आणि डोक्यावर 143 मीटर उंच चुनखडीचा सुळका. मोटरबोटींना किनाऱ्याला लागायला बंदी आहे, म्हणून तर ती जागा अजून तशीच राहिली आहे.

परतीच्या चढावर ताईचा पाय मुरगळला. दुपारचं ऊन, पाण्याची बाटली संपत आलेली. मला तर रडूच कोसळलं.

मागून येणाऱ्या आजी-आजोबांनी आम्हाला जुनिपरच्या सावलीत बसवलं. आजींनी ताईचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला, गळ्यातला सुती रुमाल ओला करून घोट्याला घट्ट गुंडाळला. भाषा एकमेकींची येत नव्हती. "पियानो, पियानो" एवढंच त्या म्हणत राहिल्या, म्हणजे सावकाश, सावकाश. आपली आजी हळदीचा लेप लावताना असंच काहीतरी पुटपुटायची. दोन तरुणांनी आमच्या पिशव्या उचलल्या, एकाने आपली काठी ताईच्या हातात दिली आणि वरपर्यंत तिच्याच चालीने चालला.

नावं विचारायची राहिली. तुम्हा चौघांचे मनापासून आभार. ताई आता नीट चालते. आजींचा रुमाल धुऊन, घडी घालून तिने कपाटात जपून ठेवला आहे.